न्हाणीतली सुवासीण

हसू येईल, ते मला ठाऊक आहे. फक्त हातातला चहा आधी खाली ठेवा, कारण मागच्या वेळी ही हकीकत सांगितली तेव्हा ऐकणारीच्या नाकातून आला होता.

तर माझ्या हातून एका बेडकीला कुंकू लागलं. त्यापायी गावातल्या बायका आमच्या न्हाणीत हरभरे वाहून गेल्या, सासूबाईंनी अन्न सोडलं आणि आमच्या यांना स्वतःच्याच दारात उभं राहून घरात कोण गेलं असं विचारावं लागलं. मी काही वेंधळी मुलगी नाही हो. माहेरी अमरावतीला मला शहाणी म्हणायचे. आता विचार केला तर वाटतं, तिथे घर एकच होतं आणि न्हाणीत बेडूक नव्हता, म्हणून निभावलं.

लग्न होऊन मी आर्णीला आले ती माघात. घरात माणसं तीन: सासूबाई, हे आणि मी. सासरे गेले तेव्हा हे पाटी-पेन्सिल घेऊन शाळेत जात होते. हा एकच मुलगा, त्यामुळे सासूबाईंचा सगळा जीव त्याच्यात. यांची नोकरी मलेरियाच्या फवारणीवर. पंपवाली माणसं घेऊन गावोगाव फिरायचं आणि घराघरांतून भिंतींवर डीडीटी मारून घ्यायची. एक घर मारून झालं की दाराशेजारी गेरूने खूण करायची, म्हणजे तेच घर पुन्हा मारलं जात नाही. ‘घर मारलं’ हे शब्द मी पहिल्यांदा ऐकले तेव्हा माझं कुणाशी लग्न झालंय, या विचाराने मला झोप लागली नव्हती.

आमचं घर रांगेतलं. सगळ्या घरांची दारं निळी, ओटे सारखे, न्हाणीसुद्धा त्याच बाजूला. नवीन होते तेव्हाची गोष्ट. विहिरीवरून भरली घागर घेऊन, पदर नाकापर्यंत ओढून मी घरात शिरले, घागर उतरवली. बघते तर एक गृहस्थ जेवत बसलेले. घास हातातच राहिलेला. मी मनात म्हटलं, पाहुणे आलेले दिसतात. नव्या सुनेने विचारायचं कसं? मुकाट्याने परातीत पीठ घेतलं आणि भाकरी थापायला बसले. दुसरी भाकरी तव्यावर पडली तेव्हा मागून शेजारच्या तुळसाकाकूंचा आवाज आला. माझ्याशी नाही, भिंतीपलीकडे माझ्या सासूबाईंशी बोलत होत्या.

“वहिनी, घरात हाय का? तुमची सून आमच्या घरी नांदून राह्यली.”

संध्याकाळी यांनी आपल्या कामातला गेरू घेतला आणि आमच्या दाराशेजारी ठळक गोल काढला. मला म्हणाले, “आधी गोल पाहायचा, मग आत शिरायचं.” सासूबाई काकूंकडची माझी घागर परत घेऊन आल्या.

ही घागर आणि हा गोल लक्षात ठेवा.

आता न्हाणीकडे येते. आमच्या न्हाणीला मातीच्या भिंती, वर कौलं आणि भिंतीत एक कोनाडा. कोनाड्यात माझी शिकेकाईची वाटी. चैत्र लागला होता, सगळीकडे फुफाटा, ओल म्हणून होती ती फक्त न्हाणीत. एका सकाळी वाटीकडे हात नेला, तर वाटीशेजारच्या मातीच्या ढेकळाने डोळे उघडले.

नव्या सुनेने किंचाळायचं नसतं. तोंडात पदर कोंबावा म्हटलं तर न्हाणीत कुठला पदर. मी मूठ कोंबली.

बेडकी होती. पावसाळ्यात डबक्यात ओरडतात त्या जाड्या, खरबरीत अंगाच्या जातीतली नव्हे. ही सडपातळ, भिंतीच्याच रंगाची. चारी पाय असे दुमडून घेतलेले की अंग कुठे संपतं आणि भिंत कुठे सुरू होते ते कळू नये. बोटांच्या टोकांना गोल गोल टिकल्या, त्यांच्यावर ती सरळ भिंतीला चिकटायची. दिवसभर ध्यान लावून बसायची. मी डोक्यावर पाणी ओतलं की गळा तेवढा धडधडायचा. आंघोळ करताना कुणी आपल्याकडे इतकं शांतपणे बघावं, हे मला काही सोसवेना.

तांब्या उपडा घातला, खालून ताटली सरकवली आणि मागच्या कडुनिंबाखाली सोडून आले. दुसऱ्या सकाळी बेडकी कोनाड्यात. मग विहिरीपर्यंत नेली. पुन्हा कोनाड्यात. विहिरीपलीकडे, बाभळीच्या कुंपणाच्याही पुढे नेऊन सोडली. सकाळी बाईसाहेब शिकेकाईच्या वाटीला टेकून बसलेल्या, पाय दुमडून, जशा काही कुठे गेल्याच नव्हत्या.

एवढ्याशा जिवाला एवढा रस्ता कसा सापडेल? त्यापेक्षा या घरात बेडक्या पुष्कळ आहेत आणि मी रोज वेगळीच नेऊन सोडते, हेच खरं असणार. म्हणजे मग मोरीत किती? कौलात किती? माझ्या पेटीत किती? त्या दिवसापासून मी लुगडं झटकल्याशिवाय नेसले नाही.

सासूबाईंना विचारता आलं असतं. पण मी घागरीच्या प्रकारानंतर अजून मान वर केली नव्हती. त्यात आणखी ‘तुमच्या न्हाणीतल्या बेडक्या किती’ हे कुठल्या तोंडाने विचारू?

दारातून आत येताना गेरूचा गोल दिसला आणि मला सुचलं. खूण करायची. उद्या खूण असलेली दिसली तर एकच आहे. बिनखुणेची दिसली तर पुष्कळ आहेत, मग माहेरी पत्र टाकायचं.

गेरू पाण्याने जातो, कुंकूही जातं. पण नागपूरच्या मामीने मला लग्नात पायांना लावायला आळत्याची बाटली दिली होती. त्याचा लाल रंग किती घासला तरी बरेच दिवस हटत नाही. काडीला कापूस गुंडाळला, आळत्यात बुडवला. बेडकी कोनाड्यात तोंड बाहेर करून बसलेली, त्यामुळे समोर फक्त डोकं. दोन डोळ्यांच्या मध्ये टेकवलं. तिने डोळे मिटले. अगदी बोहल्यावर मी मिटले होते तसे.

ठिपका छान गोल उतरला. संध्याकाळी तिला पुन्हा कुंपणापलीकडे सोडलं आणि मी विसरूनही गेले, कारण दुसऱ्या दिवशी आमच्याकडे चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं.

सासूबाईंचं कपाळ मोकळं, म्हणून इतकी वर्षं आमच्या घरात गौर मांडलीच जात नव्हती. यंदा सून आली, म्हणून सासूबाईंनीच पेटीतून पितळी गौर काढली, चिंचेने घासून लख्ख केली, माझ्या हाताने मांडायला लावली. स्वतः मात्र स्वयंपाकघरातून हलल्या नाहीत. आंब्याची डाळ, पन्हं, ओले हरभरे, सगळं त्यांनीच केलं. बायका आल्या की पाय धुवायला न्हाणीकडे जायच्या. तुळसाकाकू सगळ्यात आधी आल्या, न्हाणीत गेल्या आणि बाहेर आल्याच नाहीत. आतून आवाज मात्र आला.

“वहिनी. अवो वहिनी. आधी इकडे या.”

मी पन्ह्याचं भांडं घेऊन धावले. कोनाड्यात बेडकी. कपाळावर लाल ठिपका. माझ्या मनात पहिल्यांदा आला तो आनंद: एकच आहे. दुसऱ्यांदा काय आलं ते सांगता येत नाही, कारण तोवर काकूंनी तिला हात जोडले होते.

सासूबाई मागून आल्या. “कोनं लावलं वं हिले कुंकू?”

मी तोंड उघडलं होतं. देवाशपथ उघडलं होतं. पण काकूंनी बोट ओलं करून त्या ठिपक्यावरून फिरवलं, बोट उजेडात धरलं आणि सगळ्यांना दाखवलं. बोटाला रंगाचा मागमूस नाही.

“कोन लावते? लावलेलं असतं तर बोटाले नसतं लागलं? हे जन्माचं हाय. आज चैत्रगौर, अन् कुंकू लेवून न्हाणीत येऊन बसली. वहिनी, गौर माहेरी आली तुमच्या. इतक्या वर्षांनी.”

सासूबाई बेडकीकडे बघत राहिल्या आणि त्यांचे डोळे भरून आले. आता तुम्हीच सांगा, अशा वेळी ‘ती गौर नव्हे, मी मोजणीसाठी रंगवलेली आहे’ असं कुणाला बोलता येईल? मी तोंड मिटलं.

मग काय, रांगेतल्या सगळ्या सुवासिनी न्हाणीत. एकीने हळद वाहिली, एकीने फूल, काकूंनी मूठभर हरभरे कोनाड्यात ठेवले. हरभऱ्यांवर पन्ह्याच्या वासाने आलेली माशी बसली. आतापर्यंत दगडासारखी बसलेली बेडकी एकदम पुढे झुकली, जीभ कधी बाहेर आली आणि कधी आत गेली ते दिसलंच नाही, आणि गिळताना तिचे दोन्ही डोळे आत दबले. बायकांना माशी दिसली नव्हती.

“हरभरा घेतला वं मायनं,” मागून कुणीतरी पुटपुटलं. माझ्या हातातलं पन्हं हिंदकळून पायावर सांडलं.

त्या दिवसापासून कोनाडा देवीचा झाला. माझी शिकेकाई खिडकीत गेली. सासूबाई रोज सकाळी आधी बेडकीचं कपाळ बघायच्या आणि मग चूल पेटवायच्या. चेहराच बदलला त्यांचा. काकूंशी गप्पा मारताना एकदा हसल्यासुद्धा. मी रोज ठरवायची, आज सांगते. आणि रोज त्यांचा चेहरा बघून गप्प बसायची. म्हटलं, काय बिघडतंय. रंग काही जात नाही.

अशात हे मारेगावकडे दौऱ्यावर गेले. शुक्रवारी परत येणार होते.

शुक्रवारी सकाळी सासूबाई न्हाणीतून बाहेर आल्या त्या भिंतीला धरून.

“सूनबाई,” त्या म्हणाल्या, “तिचं कुंकू नाही.”

मी आत जाऊन पाहिलं. बेडकी तीच जागा धरून बसलेली, तसेच पाय दुमडलेले. कपाळ कोरं. ठिपका पुसट नाही, फिकट नाही, मुळीच नाही. जसा कधी नव्हताच.

मी स्वतः लावलेला रंग. मामीच्या बाटलीतला. हे मला ठाऊक होतं हो. पण माझ्या पायांवरचा, हिला ठिपका लावला त्याच दिवशी लावलेला आळता अजून लालभडक होता आणि हिचा एका रात्रीत गेला, याला काय म्हणायचं? शहाणपण ओट्यावर बसून राहिलं आणि भीती घरात शिरली.

तुळसाकाकू आल्या. त्यांनी कोनाड्यात डोकावून पाहिलं आणि माझ्या कपाळाकडे पाहिलं. नंतर त्यांनी कुणाहीकडे पाहिलं नाही.

“भाऊ कधी येते?” एवढंच विचारलं. यांना त्या भाऊ म्हणायच्या.

“आज,” सासूबाई म्हणाल्या.

संध्याकाळची मोटार आली. हे आले नाहीत.

सासूबाई दारात बसल्या त्या उठल्या नाहीत. ताट वाढलं तर हाताने दूर सारलं. मला म्हणाल्या, “सूनबाई, तो येईस्तोवर तू कपाळाले पानी लावू नको.” काकूंनी कळंबच्या चिंतामणीला नवस बोलला की भाऊ सुखरूप आला तर वहिनी सुनेला घेऊन दर्शनाला येतील. दुसऱ्या दिवशीही सासूबाईंनी पाण्याशिवाय काही घेतलं नाही. दुपार झाली. त्या दाराच्या चौकटीला डोकं टेकून बसल्या होत्या, आणि मला पहिल्यांदा जाणवलं की या बाईने एकदा असंच दारात बसून कुणाची तरी वाट पाहिली असणार.

सांगून टाकायला हवं होतं. पण सांगितलं तरी कुंकू गेलं कसं, याचं उत्तर माझ्याकडे कुठे होतं? ‘लावलं मी, पण पुसलं कुणी?’ हे तर आणखीच भयंकर. मग मला वाटलं, कुंकू परत आलं तर? सासूबाई ते बघतील, दोन घास खातील, तोवर हेही येतील.

म्हणजे एकदा रंगवून जे झालं, ते निस्तरायला मी पुन्हा रंगवायला निघाले. शहाणी म्हणायचे मला.

बाटली पदराखाली घेऊन न्हाणीत शिरले. अंधुक उजेड होता. काडी पुढे नेली आणि बेडकीने उडी मारली. आजवर कधी हलली नव्हती हो ती. थेट माझ्या तोंडावर आली आणि कपाळावर चिकटली. ओली, गार, टिकल्या-टिकल्यांची बोटं माझ्या भुवयांवर. मी दोन्ही हातांनी तिला उपटली, बाटली हातातून सुटली, आळता तिच्या पाठीवर आणि माझ्या कोपरापर्यंत. नव्या सुनेने किंचाळायचं नसतं, पण त्या वेळी मी कुणाचीच सून नव्हते. किंचाळले. घंगाळातलं पाणी ओंजळी-ओंजळीने तोंडावर मारलं, कपाळ खसाखसा चोळलं आणि तशीच बाहेर धावले.

आता सासूबाईंनी काय पाहिलं ते डोळ्यांसमोर आणा. आतून किंकाळी आली. मग सून बाहेर आली, केस सुटलेले, हात कोपरापर्यंत लाल आणि कपाळ कोरं.

त्या चौकटीला धरून उठायला गेल्या आणि तिथेच खाली बसल्या.

त्याच वेळी त्यांच्या मागे, गेरूच्या गोलाशेजारी, हे उभे होते. खांद्यावर पिशवी, अंगावर मारेगावची धूळ. त्यांना काय दिसलं? आई दारात कोसळलेली, बायकोचं कपाळ उघडं, हात रक्ताचे. शेजारून तुळसाकाकू धावत येत होत्या. बिचाऱ्यांचा चेहरा पांढरा पडला.

“कोण गेलं?” त्यांनी विचारलं.

सासूबाई वळल्या. त्यांनी यांचे पाय चाचपले, हात चाचपले, तोंडावरून हात फिरवला. मग माझ्याकडे बघितलं, पुन्हा यांच्याकडे.

“मोटार चुकली होती,” हे म्हणाले. “पण झालं काय?”

मग मी बोलले. लग्न झाल्यापासून एकूण बोलले नसेन इतकं एका दमात बोलले. वाटी, तांब्या, कडुनिंब, कुंपण, आळता, हरभऱ्यावरची माशी, सगळं. काकू हळूहळू ओट्यावर बसल्या.

“अन् निघत काहून नोतं?” सासूबाईंनी विचारलं.

“आळता होता तो.”

“आळता,” त्या म्हणाल्या. जणू तो शब्द पारखून बघत होत्या. मग पदराने तोंड पुसलं, उठल्या आणि मला कुंकवाचा करंडा आणून दिला. “आधी तुयं लाव. अन् मंग भाकर टाक. मले भूक लागली.”

काकू म्हणाल्या, “नवस मात्र फेडा लागते, वहिनी. चिंतामणीले हे आळत्या-बिळत्याचं नाई सांगता येत.”

जेवताना हे म्हणाले, “अगं, आम्ही भिंतीवर खूण करतो. भिंत उठून हिंडत नाही.”

पण ठिपका गेला कुठे, हे कोडं राहिलंच होतं. मी म्हणत होते, ही दुसरी बेडकी असणार. आता मात्र हिच्या पाठीवर आळत्याची अख्खी बाटली सांडलेली, जणू शेला पांघरलाय. देवपण गेलं होतं, तरी सासूबाईंनी तिला कोनाड्यातून हाकललं नाही. उलट रोज जाऊन निरखायला लागल्या.

बऱ्याच दिवसांनी एका सकाळी त्यांनी हाक मारली. आवाज शांत होता. “सूनबाई, ये. आवाज करू नको.”

बेडकी कोनाड्यात वाकडीतिकडी होत होती. पाठ फुगवत होती, पाय ताणत होती, तोंड उघडमीट करत होती. बघता बघता तिच्या अंगावरची कातडी, पातळ, कांद्याच्या पापुद्र्यासारखी, सैल झाली. पुढच्या दोन पायांनी तिने ती पुढे ओढली, माणूस डोक्यावरून बंडी काढतो तशी. आणि ओढता ओढता सगळी खाऊन टाकली. लाल शेल्यासकट. शेवटचा तुकडा गिळताना डोळे आत दबले. मग पाय दुमडून कोरी करकरीत बसली.

मी थक्क होऊन उभी. ‘आपलंच कातडं खाते?’ एवढंच मनात येत राहिलं.

“म्हंजे कुंकू पुसलं नोतं,” सासूबाई म्हणाल्या. “गिळलं होतं.”

त्या संध्याकाळी त्यांनी स्वतः तांब्या घेतला, ताटली घेतली आणि बेडकीला विहिरीपलीकडे, कुंपणाच्या पुढे नेऊन सोडून आल्या. मला काही सांगितलं नाही. सकाळी मी आंघोळीला गेले, तर त्या आधीच न्हाणीच्या दारात उभ्या होत्या. कोनाड्यात बेडकी.

“पाह्य,” सासूबाई म्हणाल्या. “कपाळाले कुंकू नाई, दाराले गेरू वाचता येत नाई. तरी रातच्या अंधारात बराबर आपल्याच घरी आली. तुळसाच्या घरी जाऊन भाकरी थापत नाई बसली.”

मी शिकेकाईची वाटी उचलली आणि मान खाली घातली.

आमच्या दाराशेजारचा गेरूचा गोल आता बराच पुसट झालाय. यांना सांगून पुन्हा ओढून घ्यायला हवा. पण ते सासूबाई घरात नसताना.